नव्वद सेंटांची अमानत

माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिच्या फोनबिलात दरमहा ९० सेंट वेगळे लागतात, ९११ या आणीबाणीच्या क्रमांकासाठी. १९६८ साली अलाबामातल्या हेलीव्हिल या लहानशा गावातून पहिला ९११ कॉल झाला. आज अमेरिकेतली बहुतेक राज्ये या सेवेसाठी फोनवर असे शुल्क घेतात. फोन घेणारा माणूस आणि पत्ता शोधणारी यंत्रणा यांचा खर्च त्यातून निघावा, ही कल्पना मला मान्य आहे.

मान्य नाही ते पुढचे. न्यू जर्सी सरकार यातला मोठा भाग राज्य पोलिसांच्या आणि इतर नेहमीच्या खर्चाकडे वळवते. कॉल घेणारी बहुतेक केंद्रे मात्र काउंटी आणि नगरपालिका मालमत्ता करातून चालवतात. म्हणजे एकाच सेवेसाठी लोक दोनदा पैसे भरतात. २००८च्या कायद्याने अशा राज्यांचा अहवाल दरवर्षी काँग्रेसला देणे दूरसंचार आयोगाला बंधनकारक केले. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क यांची नावे त्यात पुन्हा पुन्हा आली, तरी वळवणे थांबले नाही.

बचाव असा की पोलीसही सुरक्षेसाठीच आहेत. मग पोलिसांच्या नावाने उघड कर मागा! आयकर कमाईप्रमाणे लागतो. हे शुल्क मात्र हॉटेलात भांडी घासणाऱ्यालाही ९० सेंट आणि कोट्यधीशालाही ९० सेंट. संकटात दोघांचा फोन सारखाच उचलला जातो, म्हणून ते न्याय्य. पैसा दुसरीकडे गेला की उरतो तो गरिबावरचा छुपा कर.

मोहल्ल्यात विहिरीसाठी वर्गणी काढून कुणी रस्ता बांधला, तर आपण हिशेब मागतोच ना? रस्ता चांगला असेल, पण अमानत विहिरीची होती.

आपण हसू नये. आपल्या ११२ सेवेला निर्भया निधीतून पैसा मिळाला. फोनबिलावर तिचे वेगळे शुल्क नाही. पण खेड्यापाड्यांत दूरसंचार पोहोचावा म्हणून कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के घेतले जातात. तो भार शेवटी ग्राहकावरच येतो, आणि त्यातले हजारो कोटी वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: ज्या नावाने पैसा घेतला, त्याच कामाला तो लावा. आणि आपण बिलाची फक्त शेवटची रक्कम पाहू नये, एकेक ओळ वाचावी.