त्यांची ‘क्राफ्ट’, आपली ‘गावठी’

पुणे, बंगळुरू, गुरुग्राम, कुठल्याही शहरातल्या मायक्रोब्रुअरीत जा. काचेपलीकडे स्टीलच्या चकचकीत टाक्या असतात. माल्ट कुठलं, हॉप्स कुठले, कोणत्या पदार्थासोबत कोणती बिअर घ्यावी, हे सगळं मेनूकार्डावर लिहिलेलं असतं. या कामाला तिथे ‘क्राफ्ट’ म्हणतात आणि ते करणाऱ्याला ‘ब्रूमास्टर’. झारखंडच्या आठवडी बाजारात डेगची घेऊन बसलेली आदिवासी बाईही धान्य आंबवूनच हंडिया विकते. तिच्या कामासाठी मात्र शब्द सापडतात ते पोलीस ठाण्यातले, नाहीतर कल्याणकारी योजनांच्या फाइलींतले. हा फरक चवीचा आहे की जातीचा?

आधी तंत्र पाहू. धान्यात स्टार्च असतो आणि यीस्टला तो पचत नाही, त्यामुळे आधी त्याची साखर करावी लागते. बार्लीच्या बिअरमध्ये हे काम मोड आणलेल्या धान्यातली एन्झाइम्स करतात. माल्ट भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं, गाळून हॉप्ससोबत उकळायचं, थंड करून यीस्ट घालायचं. घरी बिअर बनवण्याचा छंद असलेले लोक हेच छोट्या भांड्यात करतात. हंडियासाठी भात शिजवून, पसरून थंड करतात, त्यात रानू कुस्करून मिसळतात आणि मडक्यात काही दिवस झाकून ठेवतात. रानू म्हणजे तांदळाचं पीठ आणि जंगलातल्या मुळ्या यांच्या वाळवलेल्या गोळ्या. त्यांतली बुरशी स्टार्चची साखर करते आणि त्यांतलंच यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. दोन टप्प्यांचं काम एकाच मडक्यात होतं. जपानी साके याच तत्त्वावर बनते आणि जगभर तिचं कौतुक होतं. कोणती मुळी किती घ्यायची, उन्हाळ्यात मडकं किती दिवस ठेवायचं, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातात आहे. त्यांच्याकडे नाही ते फक्त प्रमाणपत्र.

‘फूड पेअरिंग’चंही तसंच. कडवट बिअर तळणीचा तेलकटपणा कापते, आंबूस बिअर तिखटाला सांभाळून घेते, असं तज्ज्ञ सांगतात. बरोबरच आहे. पण वजरी, सुकट, उकडलेली अंडी, मसाला चणे ही जोडी लावणाऱ्यांनी त्याला फार आधी नाव दिलं होतं: चखणा. डुकराचं मांस ‘पोर्क रिब्ज’ होऊन बिअरशेजारी आलं की ती रसिकता होते. तेच मांस वस्तीत शिजलं की घर भाड्याने मिळत नाही.

हा भेद कायद्याने पक्का केला आहे. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला आणि दारू गाळण्याचा हक्क सरकार व ठेकेदारांच्या हाती एकवटत गेला. १८९२ च्या मोहा कायद्याने तर मोहाची फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच निर्बंध घातले. खजिना भरावा म्हणून आदिवासींचं घरचं काम गुन्हा ठरलं. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. आता कारण महसुलाचं नव्हतं, नैतिकतेचं होतं. मार मात्र त्याच पाठींवर पडला.

आजचा गुजरात पाहा. राज्य स्थापनेपासून तिथे दारूबंदी आहे. अहमदाबादच्या छारानगरात, ज्यांच्या पूर्वजांवर ब्रिटिशांनी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला त्या छारा समाजाच्या वस्तीत, पोलिसांचे छापे नेहमीचे आहेत. जवळच्याच गांधीनगरमधल्या गिफ्ट सिटीत मात्र डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने दारूबंदी शिथिल केली, कारण तिथे गुंतवणूक हवी होती. बिहारच्या २०१६ च्या कायद्यात अख्ख्या गावाला सामूहिक दंड करण्याची तरतूद होती. ती २०१८ मध्ये काढावी लागली. सामूहिक दंड कोणत्या टोल्यांवर बसणार होता, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

इथे आपल्याच चळवळीतून एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. दारूने आपली घरं मोडली आहेत. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. गडचिरोलीपासून आंध्रपर्यंत दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाया बहुजनच आहेत. त्यांचा राग खोटा नाही आणि मला हंडियाचे गोडवे गायचे नाहीत. पण ज्या बाबासाहेबांनी ती प्रतिज्ञा दिली, त्यांच्याच शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध केला होता. यात विसंगती नाही. प्रतिज्ञा माणूस स्वतःच्या मुक्तीसाठी घेतो. बंदी राज्य लादतं आणि तिची अंमलबजावणी जात पाहून होते.

दारूबंदीने माणसं वाचतात, असं म्हणणाऱ्यांनी मालवणी आठवावी. २०१५ मध्ये मुंबईच्या त्या वस्तीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. त्यांना मारलं ते मिथेनॉल या औद्योगिक रसायनाने. धान्य आंबवून असं विष तयार होत नाही. मडकं फोडलं की पिणारा पिणं सोडतोच असं नाही. अनेकदा तो भेसळवाल्याच्या दारात जातो.

झारखंड सरकारने २०२० मध्ये हंडिया विकणाऱ्या बायांसाठी योजना आणली: बिनव्याजी कर्ज घ्या, दुसरा धंदा करा. योजनेला नाव दिलं १८५५ च्या संथाळ हूलमधल्या फुलो आणि झानो या बहिणींचं. ज्या बाईला हा धंदा सोडायचा आहे, तिला कर्ज मिळालंच पाहिजे. पण सोडणं हा एकच सन्मानाचा मार्ग का? दुसरा मार्गही आहे. आसामच्या दिमासा समाजाच्या ‘जुडिमा’ या तांदळाच्या मद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

म्हणून मागणी साधी आहे. घरच्या आणि सणाच्या वापरासाठी पारंपरिक पद्धतीने आंबवणं गुन्ह्यातून वगळा. विकणाऱ्या बायांना परवडेल असा छोटा परवाना आणि तपासणीची सोय द्या. अनुसूचित क्षेत्रात दारू ठेवायची की बंद करायची, हे १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे ग्रामसभेला ठरवू द्या. तिथल्या बायांनी बंदी ठरवली, तर ती बंदी त्यांची असेल. आणि उद्या एखाद्या ब्रुअरीने मोहाची किंवा रानूची ‘एथनिक’ बिअर बाजारात आणली, तर तिचा ग्लास उचलण्याआधी एवढं विचारा: ज्यांच्याकडून ही विद्या घेतली, त्यांना किती मिळालं? आणि त्यांच्यावरचे खटले मागे घेतले का?