मायना वहीत आहे, वागण्यात आहे का?



औंढा नागनाथला सहल गेली की आपण मुलांना 'हे हेमाडपंती मंदिर' एवढंच सांगतो. हे हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांकडे श्रीकरणाधिप होते. म्हणजे राज्याचं दप्तर सांभाळणारे प्रमुख. 'चतुर्वर्गचिंतामणी' या ग्रंथात त्यांनी व्रत, दान, श्राद्ध यांचे आचार सांगितले. पत्रलेखनाचे नियम सांगणारं 'मेस्तक'ही त्यांच्याच नावावर सांगितलं जातं.

पत्राचा मायना आपणही शिकवतो, पण गुणांपुरता. मुलगा वहीत 'तीर्थरूप बाबांस' असं लिहितो आणि मधल्या सुट्टीत खिचडी वाढणाऱ्या मावशींना 'ए, इकडं वाढ' म्हणतो. यात चूक एकट्या मुलाची नाही. आपण मोठी माणसं मावशींशी जसं बोलतो, तेच मुलं उचलतात.

दरबारात पद पाहून मान दिला जायचा. शाळेत माणूस पाहून द्यायला हवा. म्हणून मला वाटतं, मुलांचं पहिलं पत्र मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज नसावं. ते मावशींना लिहिलेलं असावं. मायना काय लिहायचा, ते मुलांनाच ठरवू द्या. आणि पत्र द्यायला आपणही सोबत जाऊया.