सर्व हक्क स्वाधीन

मराठी पुस्तकाचे शीर्षकपान उलटले की त्याच्या पाठीमागे, मुद्रकाचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि मूल्य यांच्या सान्निध्यात, ‘सर्व हक्क स्वाधीन’ हे तीन शब्द बारीक टाइपात उभे असतात. आणि वाचक ज्या वेगाने ते ओलांडून प्रस्तावनेकडे जातो, जवळजवळ त्याच वेगाने लेखकही ते ओलांडून जातो. हे हक्क कोणाच्या स्वाधीन, किती मुदतीसाठी, आणि ‘सर्व’ या शब्दात नेमके काय काय सामावते, याची चौकशी मीही पुष्कळ उशिरा केली.

२०११ साली माझा एक कथासंग्रह निघाला, तेव्हा पुस्तक छापले जाणार या आनंदात मी एकपानी करारनाम्यावर सही केली. ‘पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील’ एवढेच त्यात होते. मुदतीचा उल्लेख नव्हता. आठ वर्षांनी एका परिचित गृहस्थांनी सहज सांगितले की, रात्रीच्या एस्टीच्या प्रवासात त्यांनी माझी एक कथा मोबाइलवर ऐकली आणि वाचणाऱ्या बाईंचा आवाज फार गोड होता. ध्वनिमुद्रणाची मला वार्ता नव्हती, आणि मोबदल्याचा तर प्रश्नच उद्भवला नव्हता. विचारणा केली तेव्हा ‘सर्व’ या शब्दात आवाजही आलाच, असे उत्तर मिळाले.

तेव्हा मी १९५७ चा कॉपीराइट कायदा प्रथमच मुळातून वाचला. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते, कृती कोणती, हक्क कोणते, मुदत, प्रदेश आणि मोबदला किती, हे त्यात नमूद असावे लागते. आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरताच समजला जातो. म्हणजे ज्या हक्कांवर २०१९ साली प्रकाशक ताबा सांगत होते, ते २०१६ सालीच, मला नकळत, माझ्या घरी परत आले होते. मी त्या कलमाचा हवाला देऊन पत्र लिहिले, तेव्हा रीतसर हिशेब झाला आणि नवा करार ठरला.

आपल्याकडे जमीन खंडाने देणारा शेतकरी खरेदीखत आणि भाडेपट्टा यांतला फरक जाणतो, सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढते याची तलाठ्याकडे जाऊन खात्री करून घेतो. परंतु वर्षानुवर्षे रक्त आटवून लिहिलेली कादंबरी तिचा कर्ता एका ओळीत कायमची विकून मोकळा होतो, आणि याचे मला अत्यंत दुःख होते. छापील आवृत्ती, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, भाषांतर, नाट्यरूपांतर ही पाच निराळी शेते आहेत. ज्याला जे कसता येते त्याला तेवढेच, तेवढ्याच मुदतीने द्यावे, हे माझे ठाम मत आहे.

२०१२ च्या दुरुस्तीने १८व्या कलमात दोन मोलाच्या गोष्टी घातल्या. करारसमयी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते नाव घेऊन लिहिल्यावाचून हस्तांतरात येत नाही, ही एक. दुसरी त्याहून मोठी: चित्रपटाचा भाग नसलेल्या ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या कर्त्याला, समान वाट्याने मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा आपला हक्क, वारस किंवा हक्कवसुलीची संस्था यांखेरीज कोणालाही देता किंवा सोडता येत नाही. ही तरतूद मुख्यतः चित्रपटगीतकारांच्या लढ्यातून आली आणि राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिचा हिरिरीने पाठपुरावा केला; परंतु कायद्याचा शब्द ‘साहित्यकृती’ असा व्यापक आहे, आणि कथाकारानेही तो हक्क आपलाच समजून करारात आग्रहाने मागावा.

ध्वनिपुस्तकात एकाच कृतीवर तिघांचे हक्क उभे राहतात: लेखकाचा शब्दांवर, निर्मात्याचा ध्वनिमुद्रणावर आणि वाचणाऱ्या कलावंताचा आपल्या सादरीकरणावर, जो ५० वर्षे टिकतो. हा तिसरा मनुष्य माझ्या मते सर्वांत उपेक्षित आहे. चांगले वाचन ही कीर्तनकाराच्या जातीची विद्या आहे. विराम कोठे घ्यावा, संवादातला राग किती चढवावा, हे त्याला कोणी शिकवलेले नसते, आणि तरीही पुष्कळदा त्याला ठोक रकमेवर निरोप दिला जातो. आता तर यंत्राने घडवलेल्या आवाजाचा जमाना आला आहे. तेव्हा मनुष्याच्या आवाजाची नक्कल यंत्राकडून करवून घेण्यास संमती आहे की नाही, हे लेखकाने आणि वाचणाऱ्या कलावंताने, दोघांनीही, करारात स्वतंत्र कलम घालून लिहावे.

डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी ई-पुस्तके आली, नोव्हेंबर २०१७ मध्ये ध्वनिपुस्तकांचे स्टोरीटेल ॲप भारतात मराठीसह आले, आणि प्रकाशकाच्या दाराशी न तिष्ठता स्वतःचे पुस्तक स्वतः प्रसिद्ध करण्याची वाट खुली झाली, याचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र तेथेही शर्ती वाचाव्याच लागतात: किंडलवर भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ई-पुस्तक ९०-९० दिवसांच्या मुदतीने अन्यत्र कोठेही न ठेवण्याचे बंधन पत्करावे लागते, एरवी ३५ टक्के. लेखकांच्या संमतीने फुकट पुस्तके देणारे ई-साहित्य प्रतिष्ठानही आहे, आणि त्या दानाविषयी मला आदर वाटतो; कारण तेथे देणारा स्वतः देतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये दुसऱ्याचे धान्य दुसराच वाटत असतो. अंध वाचकांसाठी कायद्याने जी सवलत २०१२ पासून दिली आहे, तिला मात्र कोणाही लेखकाने मनातूनसुद्धा हरकत घेऊ नये.

कॉपीराइट लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे राहतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, त्यांच्या लेखनाची मुदत २०१० च्या अखेरीस संपली, आणि आज ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतो. आपले लेखन आपल्या नातवंडांच्या वयापर्यंत मिळकत म्हणून उभे राहणार आहे. तेव्हा ज्या लेखकबंधुभगिनींनी १९९५ नंतर, म्हणजे पाच वर्षांचा तो नियम लागू झाल्यावर, करार केले आहेत, त्यांनी या रविवारी कपाटातून तो कागद काढावा आणि त्यात मुदत लिहिली आहे काय, एवढे पाहावे.