शीतकाळातील सुगंध : उबदार वास आणि उष्ण वीर्य

हेमंत ऋतू जवळ येऊ लागला की आपल्या औषधी दुकानांच्या दर्शनी कपाटांत एक बदल दिसू लागतो. वाळा, मोगरा, गुलाब यांच्या कुप्या मागे सरकतात आणि ऊद, अंबर, हीना, शमामा अशा नावांच्या कुप्या पुढे येतात. पुरुषांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या परदेशी धाटणीच्या सुगंधांतही हाच प्रकार आढळतो. थंडीसाठी लवंग, दालचिनी, मिरी, जायफळ यांचा मसालेदार आणि चंदन, देवदार, अगुरू यांचा काष्ठगंधी वास निवडावा, असे तरुण मंडळी एकमेकांस सांगतात आणि पुढे वैद्यासही विचारतात, ‘‘थंडीत कोणते अत्तर लावावे?’’ हा प्रश्न क्षुल्लक समजून हसण्यावारी नेऊ नये, असे आम्हास वाटते. त्याचे उत्तर आपल्या संहितांत आहे. मात्र आज ज्या पद्धतीने ते दिले जाते, त्यात शास्त्राचे नाव पुष्कळ आणि शास्त्र थोडे, अशी अवस्था झाली आहे.

प्रथम शास्त्र पाहू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात हेमंतचर्या सांगताना जाड व उबदार वस्त्रांच्या जोडीने अंगास अगुरूचा दाट लेप लावण्यास सांगितले आहे. वसंतात अगुरूस चंदनाची जोड मिळते आणि ग्रीष्मात एकटे चंदन उरते. वाग्भटाचार्यांनी हेमंतात केशर व कस्तुरी यांचे विलेपन आणि अगुरूचे धूपन सांगितले, तर शरदात चंदन, वाळा व कापूर यांची योजना केली. ऋतू बदलला की गंधद्रव्य बदलावे, हा विचार यात स्पष्ट आहे. तो केवळ रसिकतेचा नाही. चरकाच्या शीतप्रशमन महाकषायात तगर व अगुरू यांची गणना आहे. अग्र्यसंग्रहात शीत घालविणाऱ्या लेपांमध्ये रास्ना आणि अगुरू श्रेष्ठ म्हटले आहेत. ज्वरचिकित्सेत दाह असता चंदनाद्य तैल आणि शीत असता अगुर्वाद्य तैल, अशी समोरासमोर मांडणी आहे. म्हणजे अगुरू हे आधी औषध आहे आणि मग सुगंध.

महाराष्ट्रास ही परंपरा परकी नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात विलेपनाचा स्वतंत्र विचार केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी ज्या गंधशास्त्रविषयक हस्तलिखितांचा परिचय करून दिला, त्यांतील ‘गंधवाद’ या ग्रंथावर मराठी टीका आहे. दिवाळीत अभ्यंगस्नानानंतर कानात अत्तराचा फाया ठेवण्याची आपली रीत शरद-हेमंताच्या सांध्यावरच येते.

आता व्यवहाराकडे वळू. सुगंधकार ज्यास ‘उबदार’ म्हणतो ते आणि वैद्य ज्यास ‘उष्ण’ म्हणतो ते एक नव्हे. सुगंधकाराचा निकष नाकाचा आहे. थंड हवेत द्रव्याचे बाष्पीभवन मंदावते. लिंबूवर्गीय व फुलांचे हलके वास अशा हवेत फिके पडतात, तर राळ, काष्ठ व मसाले यांचे जड वास लोकरीच्या कपड्यावर दिवसभर टिकून राहतात. म्हणून ते हिवाळ्यासाठी योग्य ठरतात. हे निरीक्षण रास्त आहे आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु वैद्याचा निकष वीर्याचा आहे. लवंगेचा वास कोणासही उबदारच वाटेल, पण भावप्रकाशाने लवंग शीत म्हटली आहे. लहान वेलचीही तेथे शीतच आहे. काष्ठगंधी म्हणून गणले जाणारे चंदन आणि वाळा ही तर दाहशमनाची ठळक द्रव्ये. उलटपक्षी देवदार, तगर, वेखंड, दालचिनी, जायफळ ही उष्ण आहेत. तेव्हा चंदन, वाळा व लवंग यांच्या मिश्रणास ‘हेमंतासाठी उष्ण आयुर्वेदीय अत्तर’ म्हणून विकणारा दुकानदार नाकाच्या भाषेत खरे आणि शास्त्राच्या भाषेत खोटे बोलत असतो. ग्राहक मात्र त्याच्याकडे शास्त्राच्या भाषेसाठी आलेला असतो.

दुसरा प्रश्न नावाचा आहे. ‘अगरबत्ती’ या शब्दात अगर आहे, पण बत्तीत सहसा अगर नसतो, हे सर्वांस ठाऊक असल्याने कोणी फसत नाही. ‘ऊद’ म्हणजे अगुरू असा अरबी अर्थ असला, तरी मराठी घरात ऊद म्हणजे निखाऱ्यावर घालावयाचा सुगंधी धूप. वाग्भटाचे ‘कुंकुम’ म्हणजे केशर, पण रुग्णास नुसते ‘कुंकुमाचा लेप लावा’ असे सांगितले, तर तो देव्हाऱ्यातील कुंकू घेऊन बसेल. बाजारात शब्द असे घसरतच असतात. परंतु वैद्याच्या चिठ्ठीवर आणि औषधी दुकानाच्या लेबलावर त्यांनी घसरू नये, एवढी अपेक्षा गैर नाही. तेथे शब्द हीच मात्रा असते.

तिसरा प्रश्न द्रव्याचा. ईशान्य भारतात, विशेषतः आसामात, अगुरूचा वृक्ष होतो. तेथे त्यास सांची म्हणतात. निरोगी झाडाचे लाकूड फिकट व निर्गंध असते. झाडास जखम झाली, कीड लागली, बुरशीचा शिरकाव झाला की संरक्षणार्थ काळपट राळ साठते आणि तोच अगुरू होय. निघंटूंनी त्यास ‘कृमिज’, ‘कृमिजग्ध’ अशी नावे दिली, यावरून त्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते हे कळते. राळेने भरलेला तुकडा पाण्यात बुडतो, म्हणून त्यास ‘लोह’ असेही नाव आहे. असा माल दुर्मीळ आणि अतिशय महाग असतो. जंगलातील झाडांची इतकी तोड झाली की १९९५ पासून या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइटस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. आज ही जाती अत्यंत संकटग्रस्त गणली जाते. कस्तुरीची गोष्ट तर त्याहून स्पष्ट आहे. कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि कस्तुरीचा व्यापार हा गुन्हा आहे. तेव्हा ‘अस्सल कस्तुरी’ असे लिहिलेल्या स्वस्त कुपीत एकतर कृत्रिम द्रव्य असणार किंवा दुकानदाराच्या दारी कायदा येणार. तिसरी शक्यता आम्हास दिसत नाही.

कनौजची देग-भपका पद्धती आजही जिवंत आहे. तांब्याच्या देगेत फुले वा मसाले उकळून त्यांची वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातील चंदनतेलात मुरवितात. शमामा हे तिचे हिवाळी अपत्य आहे. दगडफूल, जटामांसी, कपूरकचरी, जायफळ, जायपत्री, वेलची अशी अनेक द्रव्ये त्यात पडतात. मात्र चंदनतेल महागल्यापासून त्याच्या जागी पातळ पॅराफिन किंवा अन्य रासायनिक द्रव वापरण्याची चाल पडली आहे. कुपी तीच, नाव तेच, पण आधारच बदललेला.

येथे काही औषधनिर्माते बंधू म्हणतील, ‘‘ग्राहकास वास हवा आहे, तो कृत्रिम असला म्हणून बिघडले कोठे? झाड वाचते, कस्तुरीमृग वाचतो, भाव आटोक्यात राहतो.’’ या म्हणण्यात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. सुगंधाचे स्वतःचे कार्यही आहे. गंधमाल्य धारण केल्याने मन प्रसन्न राहते, पुष्टी व बल मिळते, असे चरकानेच पाचव्या अध्यायात म्हटले आहे. कृत्रिम सुगंध सुगंध म्हणून विकण्यास आमचा विरोध नाही. विरोध आहे तो त्यावर अगुरूलेपाचे गुण चिकटविण्यास. लेप त्वचेवर राहून आपल्या वीर्याने काम करतो. अत्तराचा फाया नाकावाटे मनावर काम करतो. पहिल्याची फलश्रुती दुसऱ्याच्या लेबलावर छापणे म्हणजे दोघांचाही अपमान आहे.

कायदाही याविषयी मोघम नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार ज्या औषधाच्या लेबलावर खोटे वा दिशाभूल करणारे विधान आहे, ते दोषी ठरते. २०१० मध्ये आलेल्या नियम १५८ ब मध्ये आयुर्वेदीय ‘सौंदर्यप्रसादक’ द्रव्यांचा गट सांगितला आहे. ज्यास आपले विलेपन आयुर्वेदीय म्हणून विकावयाचे आहे, त्याला मार्ग मोकळा आहे. परवाना घ्यावा, घटकद्रव्ये लिहावीत, आणि जे लिहिले ते कुपीत असावे.

चौथा मुद्दा रुग्णाचा, आणि आमच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे वाक्य आपल्या दुकानांतून फार सहज उच्चारले जाते. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड ही द्रव्ये निसर्गातीलच आहेत आणि स्पर्शजन्य त्वचाशोथाच्या तपासणीत सुगंधद्रव्यांच्या प्रमाण मिश्रणात तीच वापरली जातात. युरोपीय संघाने २००३ मध्ये अशी २६ द्रव्ये लेबलावर नावाने लिहिणे बंधनकारक केले आणि २०२३ मध्ये ती यादी ८० च्या वर नेली. कानाच्या पाळीमागे, मानेच्या कडेस, मनगटाच्या आतल्या बाजूस खाज, लाली वा काळवंडलेला पट्टा घेऊन रुग्ण येतो, तेव्हा त्याच्या आहाराची व कोष्ठाची चौकशी करण्याबरोबरच ‘‘अत्तर कोणते लावता?’’ हेही विचारले पाहिजे. थंडीत त्वचा रूक्ष असते, भेगाळलेली असते. अशा त्वचेवर न मिसळलेले मसाल्याचे तेल चोळणे हे हेमंतचर्येत कोठेही सांगितलेले नाही. तेथे आधी अभ्यंग आहे आणि नंतर विलेपन. तमक श्वासाच्या रुग्णास तर हिवाळ्यात बंद खोलीतील दाट सुगंध आणि धूपाचा धूर हे दोन्ही वेगाचे निमित्त होऊ शकतात. त्याच्यासाठी अगुरुधूपन शास्त्रोक्त आहे म्हणून पथ्यकर ठरत नाही. पित्तप्रकृती, त्वग्रोगी, गर्भिणी व बालक यांच्याविषयीही वैद्याने असेच तारतम्य ठेवावे.

मग करावे काय? आमच्या मते उपाय अवघड नाहीत. पहिली गोष्ट अशी की वैद्याने ‘थंडीत कोणते अत्तर लावावे’ या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे. शीत घालविण्यासाठी विचारत असाल, तर तीळतेलाचा अभ्यंग, उष्ण द्रव्यांचे उटणे, आणि प्रकृती पाहून रास्ना, देवदार, तगर यांसारख्या सहज मिळणाऱ्या द्रव्यांचा लेप. मनाच्या प्रसन्नतेसाठी विचारत असाल, तर आवडेल तो सुगंध, पण त्वचेवर नव्हे, कापसाच्या फायावर वा कपड्याच्या अस्तरावर आणि थेंबाच्या मापाने. दुसरी गोष्ट प्रदेशाची. निफाडची वा नागपूरची थंडी आणि मुंबई-कोकणची थंडी एक नव्हे. समुद्रकाठच्या दमट उबेत कस्तुरीगंधी जड अत्तर धारण करणे हे ऋतुचर्या नसून अनुकरण आहे. देश आणि काल ही जोडी आचार्यांनी उगाच एकत्र सांगितलेली नाही.

तिसरी गोष्ट दुकानदार बंधूंसाठी. अगुरू घेताना चूर्ण न घेता लाकूड घ्यावे आणि पुरवठादाराकडून उगमस्थानाची कागदपत्रे मागावीत. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात अगुरूची नोंद आहे. त्या कसोट्यांवर माल एकदा तरी तपासून घ्यावा. लागवडीतील अगुरूस प्राधान्य द्यावे. आसामात घरोघरी परसात ही झाडे लावली जातात. त्यांचा योग्य भाव दिल्याने जंगल वाचते आणि शेतकरीही जगतो. जे अत्तर कृत्रिम आहे त्यावर ‘सुगंध’ एवढेच लिहावे आणि ते औषधांच्या मांडणीपासून निराळ्या फळीवर ठेवावे. विक्री थोडी घटेल, हे आम्ही जाणतो. पण ज्या दुकानात ‘हे अगुरू नाही’ असे सांगितले जाते, तेथेच ‘हे अगुरू आहे’ या वाक्यास किंमत येते.

आयुर्वेदाने सुगंधास चैन मानले नाही. त्यास ऋतूशी, प्रकृतीशी आणि रोगाशी जोडले. हा वारसा आज मसालेदार वासांच्या लाटेवर आपल्याकडे पुन्हा चालत आला आहे, ही संधीच आहे. येत्या मार्गशीर्षापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या कपाटातील अशी प्रत्येक कुपी हातात घेऊन लेबल वाचावे आणि स्वतःस विचारावे, यातील कोणते द्रव्य आपण शपथेवर सांगू शकतो? ज्याविषयी सांगता येणार नाही, त्यास औषधाचे नाव देऊ नये. एवढे जरी पाळले, तरी ग्राहकाच्या प्रश्नास प्रामाणिक उत्तर दिल्याचे समाधान आपणास लाभेल.