व्याजाला व्याज

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत मीं फळ्यावर एक प्रश्न लिहिला. दरमहा शेंकडा ३ दरानें १,००० रुपये कर्ज काढलें, व्याज दरमहा मुदलांत मिळवावयाचें, आणि मध्यें एक पैहि फेडावयाची नाहीं. तर दहा वर्षांनीं देणें किती होईल? सूत्र लावण्यापूर्वीं प्रत्येकानें आपला अंदाज कागदावर लिहावा, एवढीच अट होती. बहुतेकांचे अंदाज चार हजार ते सात हजार यांच्या दरम्यान होते. एका धीट मुलानें दहा हजार लिहिले, तेव्हां सारा वर्ग हंसला. खरें उत्तर ३४,७११ रुपये.

चक्रवाढ व्याजाच्या परीक्षेंत याच मुलांनीं चांगले गुण मिळविले होते. सूत्र पाठ होतें, अर्थ मात्र हातीं लागला नव्हता. माझ्या मतें हा दोष मुलांचा नसून आम्हां शिक्षकांचा आहे. आम्ही सूत्र आधीं देतों, उरलेलें काम गणकयंत्र करतें, आणि मधली वाट मुलांच्या पायाखालून जातच नाहीं.

ती वाट पाहण्यासारखी आहे. सरळ व्याजानें वर्षाला ३६० रुपये चढतात. चक्रवाढीनें पहिल्या वर्षीं ४२६. या ६६ रुपयांसाठीं कोण हिशेब करीत बसतो? फसगत होते ती येथेंच. पांच वर्षांनीं सरळ व्याजाचें देणें २,८०० रुपये होतें, चक्रवाढीचें ५,८९२. आणि एकट्या दहाव्या वर्षांत चक्रवाढीनें १०,३६५ रुपयांची भर पडते. दर तोच, महिने तेवढेच; परंतु वाढ ही जें अगोदर सांठलेलें असतें त्याच्या प्रमाणांत होत असल्यामुळें सांठ्याबरोबर वाढहि वाढत जाते. म्हणूनच अशी रक्कम ठराविक काळांत दुप्पट होते. ७२ या संख्येला व्याजाच्या दरानें भागावें, म्हणजे दुपटीचा काळ बहुतांशीं बरोबर मिळतो. येथें २४ महिने. दहा वर्षांत पांच दुपटी, म्हणजे ३२ पट. खरी दुप्पट किंचित् आधीं होते, म्हणून उत्तर थोडें अधिक येतें. एवढें तोंडीं करतां आलें असतें, तर कोणी सात हजार लिहिले नसते.

सृष्टींत अशा वाढीला आपोआप अटकाव होतो. पुण्याच्या मुळामुठेंत माजणारी जलपर्णी अनुकूल हवेंत सुमारें दोन आठवड्यांत दुप्पट होऊं शकते. त्या वेगानें एखादें तळें पूर्ण झांकलें जावयाच्या दहा आठवडे आधीं त्याचा अवघा बत्तिसावा भाग झांकलेला असतो, आणि कांठावरचा मनुष्य निश्चिंत असतो. पण तळें भरलें कीं वाढ थांबते, कारण पाणी संपतें. कागदावरच्या कर्जाला असा कांठ नाहीं. ऋणकोचें शेत संपतें, सूत्र संपत नाहीं.

आपल्या पूर्वजांना हें कळलें होतें. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुदलाहून अधिक असूं नये, हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आहे. मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींहि तो मानला, आणि मुंबईच्या १९४६ च्या सावकारी कायद्यांत तो पुन्हा आला. आमच्या उदाहरणांत हें कुंपण चोविसाव्या महिन्याला आडवें येतें. मला हा नियम धर्मशास्त्रापेक्षां गणिताचाच अधिक वाटतो. तो असूनहि १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. कापसाचे उतरलेले भाव, वाढलेला शेतसारा अशीं दुसरींहि कारणें त्यामागें होतीं. परंतु आग लावण्यासाठीं त्यांनीं कागद निवडला, हें विसरतां येत नाहीं.

पालकांनीं हा विषय जुन्या काळाचा समजूं नये. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा तीन टक्क्यांहून अधिक व्याज लागणें ही आज नवलाची गोष्ट नाहीं, आणि सावकारी कायद्याचें कुंपण बँकेच्या कर्जाभोंवतीं नाहीं. घरीं असा हिशेबाचा कागद आला तर तो मुलांपासून लपवूं नये. त्यांच्याकडून एकदां सूत्राशिवाय, ओळीमागून ओळ, मांडून घ्यावा. वेळ फार जातो, ही तक्रार मला मान्य आहे. तो वेळ शाळेच्या वेळापत्रकांतहि काढला पाहिजे, मग एखादा धडा मागें राहिला तरी चालेल.

दहा हजार लिहिणाऱ्या त्या मुलानें पुढच्या आठवड्यांत एकशें वीस ओळींचें कोष्टक हातानें करून आणलें. पैशांच्या घरांत दोन चुका होत्या. अठ्ठ्याहत्तराव्या ओळीपाशीं, जेथें रक्कम दहा हजारांच्या पलीकडे जाते, त्यानें समासांत पेन्सिलीनें लिहिलें होतें: ‘माझा अंदाज येथें संपला. अजून ४२ महिने बाकी.’