मेलेल्यांची बाजू सांगणारा डबा



कारखान्यात प्रेस मशीनखाली एखाद्याचा हात जातो. इमारतीच्या परांचीवरून मजूर पडतो. गटारात उतरलेला सफाई कामगार वर येत नाही. दुसऱ्या दिवशी कागदावर एक वाक्य बहुतेक वेळा ठरलेले असते: ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला.’ ज्याच्यावर ठपका ठेवला, तो उत्तर द्यायला जिवंत नसतो. त्याची बायको-मुले त्या वेळी तिथे नव्हती. मग साहेब म्हणेल ते खरे, अशी गत होते.

विमान पडले तरी हेच झाले असते. पायलट गेलेला असतो आणि ठपका ठेवायला मेलेल्या माणसासारखा सोयीचा माणूस दुसरा नाही. पण विमानात एक साक्षीदार असा बसवलेला असतो की जो जाळातून आणि पाण्यातूनही बहुधा वाचतो. त्याला आपण ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतो. आज त्याची ओळख करून घेऊ.

नाव काळे असले तरी हा डबा काळा नसतो. तो भडक नारिंगी रंगाचा असतो आणि त्यावर चमकणाऱ्या पट्ट्या असतात. ढिगाऱ्यात किंवा समुद्राच्या तळाशी तो पटकन दिसावा, एवढाच त्यामागे हेतू. साधारणपणे असे दोन डबे असतात. पहिला फ्लाइट डेटा रेकॉर्डर. विमानाची उंची, वेग, दिशा, इंजिनाची ताकद, पायलटने कोणता दांडा केव्हा हलवला, अशा शेकडो गोष्टी तो क्षणाक्षणाला टिपतो आणि निदान मागच्या २५ तासांची नोंद ठेवतो. दुसरा कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर. पायलट एकमेकांशी काय बोलले, कंट्रोलरशी काय बोलले, कोणती धोक्याची घंटा वाजली, हे सारे तो ऐकून ठेवतो. पूर्वी यात शेवटच्या ३० मिनिटांचाच आवाज राहत असे. पुढे तो २ तासांचा झाला आणि आता नव्याने बनणाऱ्या मोठ्या विमानांसाठी २५ तासांचा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

विमान बहुधा नाकाकडून आपटते म्हणून हे डबे शेपटीकडे बसवतात. आतली नोंद एका मजबूत कवचात असते. वस्तूच्या वजनाच्या ३,४०० पट जोराचा धक्का, ११०० अंश सेल्सिअसची आग एक तास, आणि सुमारे ६,००० मीटर खोल पाण्याचा दाब, एवढे सोसेल अशी परीक्षा त्याला द्यावी लागते. पाण्यात पडताच डब्याला जोडलेले एक छोटे यंत्र आपोआप चालू होते आणि ‘टिक टिक’ असा इशारा देऊ लागते. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, शोधणाऱ्यांच्या यंत्राला येतो. पूर्वी त्याची बॅटरी ३० दिवस चाले, आता ९० दिवसांची असते.

ही कल्पना कोणाला सुचली? ऑस्ट्रेलियात १९३४ साली एक विमान समुद्रावर नाहीसे झाले. त्यात डेव्हिड वॉरन नावाच्या ९ वर्षांच्या मुलाचे वडील होते. विमान का पडले, हे त्या घराला कधीच कळले नाही. हाच मुलगा पुढे मेलबर्नच्या विमान संशोधन प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाला. १९५३-५४ साली ‘कॉमेट’ ही त्या काळची नवी जेट विमाने एकामागून एक कोसळू लागली, तेव्हा त्याच्या मनात आले, शेवटच्या क्षणी आत काय चालले होते हे कोणी सांगितले तर? १९५४ मध्ये त्याने तसे टिपण लिहून दिले. पुढे पोलादी तारेवर चार तासांचा आवाज आणि यंत्रांचे आकडे साठवणारा नमुनाही करून दाखवला.

वरच्यांनी लक्ष दिले नाही. पायलटांच्या संघटनेचाही विरोध होता. साहेब लोक आमच्या प्रत्येक शब्दावर कान ठेवणार, ही त्यांची भीती. युनियनमध्ये काम केलेल्या आपल्या बांधवांना ती लगेच समजेल. शेवटी १९५८ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने या यंत्राचे मोल ओळखले आणि वॉरनना इंग्लंडला बोलावून घेतले. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातच मॅके गावाजवळ विमान पडून २९ माणसे गेली. कारण सापडेना. तेव्हा चौकशीच्या न्यायाधीशांनी असे यंत्र बसवण्याची शिफारस केली आणि कॉकपिटमधला आवाज टिपणे सक्तीचे करणारा ऑस्ट्रेलिया हा पहिला देश ठरला. वॉरन २०१० साली वारले. बाप कशाने गेला हे न कळलेल्या मुलाने इतर हजारो मुलांची तरी सोय करून ठेवली.

आता आपल्याकडे येऊ. २६ एप्रिल १९९३. तेव्हाच्या औरंगाबादच्या विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे विमान मुंबईला निघाले. धावपट्टी संपते तिथून पुढे बीडचा रस्ता जातो. त्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक होता. विमानाची चाके ट्रकला लागली, पुढे ते विजेच्या तारांना अडकून कोसळले. ११८ पैकी ५५ माणसे गेली. ‘ट्रक आडवा आला’ असे म्हणून मोकळे होणे किती सोपे होते! पण चौकशीने दोन कारणे नोंदवली. एक, विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले गेले. दुसरे, विमानाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहने थांबवण्याची जबाबदारी विमानतळाच्या प्राधिकरणाने पाळली नाही. चूक वर आकाशातही होती आणि खाली टेबलामागेही होती.

त्याआधी, २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर नाहीसे झाले. ते कॅनडाहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला यायचे होते. ३२९ जणांतला एकही वाचला नाही. जुलैमध्ये माणूस नसलेले यंत्र सुमारे ६,७०० फूट खोल सोडून दोन्ही डबे वर काढले गेले. त्यांतल्या आवाजाचा अभ्यास आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही झाला. सारे सुरळीत चालले होते, मग एक धमाका आणि दोन्ही डबे एकदमच बंद. पायलटांची चूक नाही, हे उघड झाले. पण हा धमाका बॉम्बचा की विमान फाटल्याचा, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. समुद्रातून काढलेले विमानाचे तुकडे पाहून आणि इतर पुरावा जोडून न्यायमूर्ती किरपाल यांनी १९८६ साली बॉम्बचा निष्कर्ष दिला. म्हणजे डबा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. त्याची साक्ष दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहावी लागते.

तिसरा अपघात हरियाणातल्या चरखी दादरीचा, १२ नोव्हेंबर १९९६ चा. सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. अशा वेळी जमिनीवरच्या कंट्रोलरकडे आधी बोट दाखवले जाते, कारण मागे जिवंत तोच उरलेला असतो. कंट्रोलरने कझाक विमानाला १५,००० फुटांवर आणि सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहायला सांगितले होते. डब्यांतल्या नोंदींवरून कळले की कझाक विमान न सांगता खाली, १४,००० फुटांच्या पातळीवर उतरले होते. त्या पायलटांना इंग्रजी नीट येत नव्हते. कंट्रोलरशी रेडिओ ऑपरेटर बोलत असे. चूक त्याच्या ध्यानात आली, त्याने वर जायला सांगितलेही, पण तोवर वेळ निघून गेली होती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीने जबाबदारी नीट मांडली. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती, हीही उणीव पुढे आली. त्यानंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि दुसरे विमान जवळ आल्यास पायलटला सावध करणारे यंत्र भारतात सक्तीचे झाले. आज आपला मुलगा आखाती देशात कामाला जातो, तेव्हा त्याच्या विमानातही ते यंत्र असते. ३४९ जणांच्या मरणातून निघालेली ही शिकवण आहे.

१२ जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात तर सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, अशी २६० माणसे गेली. फक्त एक प्रवासी वाचला. या विमानात दोन्ही कामे एकत्र करणारे दोन डबे होते. मागचा डबा फार खराब झाला होता. पुढच्यातली नोंद दिल्लीच्या प्रयोगशाळेत वाचली गेली. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात लिहिले होते की उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांना इंधन देणारी बटणे एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’वर गेली. एका पायलटने दुसऱ्याला विचारले, तू इंधन का बंद केलेस? दुसरा म्हणाला, मी केले नाही. बटणे कोणी हलवली आणि कशी, हे त्या अहवालात नव्हते.

पण तेवढ्यावरूनच दूरदर्शनच्या वाहिन्यांवर आणि मोबाइलवर निकाल लागू लागले! कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा, कोणाचा बाप असलेल्या माणसावर चार ओळींवरून ठपका ठेवला गेला. डब्याने दोन वाक्ये सांगितली आणि लोकांनी तिसरे आपल्या मनाचे जोडले. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालणे यालाच म्हणतात.

डबा सगळेच सांगतो असेही नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियात जेजू एअरचे विमान कोसळून १७९ जण गेले. तिथे शेवटच्या चार मिनिटांची नोंदच झाली नव्हती. मलेशियाचे २३९ माणसे घेऊन निघालेले विमान २०१४ साली गेले. त्याचे डबे हाती न आल्याने वर्षानुवर्षे त्या घरांनी फक्त तर्क ऐकले. वॉरनच्या घरासारखीच त्यांची स्थिती.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. विमान अपघाताच्या चौकशीचा जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यात स्पष्ट म्हटले आहे की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, कोणाला दोषी ठरवणे हा नाही. कॉकपिटमधला आवाज जपून ठेवायचा, तो बाजारात मांडायचा नाही, असेही नियम आहेत. पायलटांच्या संघटनेची जुनी भीती खोटी नव्हती. म्हणूनच यंत्र आले आणि त्यासोबत माणसाचे रक्षण करणारे नियमही आले.

बंधू-भगिनींनो, आपल्या कामाच्या जागी असा डबा नसतो. मशीनची जाळी महिनाभर तुटलेली होती, गटारात उतरण्याआधी वायू तपासला नव्हता, कामगाराची ती सलग दुसरी पाळी होती, हे कोण लिहून ठेवणार? आपणच ठेवले पाहिजे. मशीन बिघडले तर तोंडी न सांगता तारीख घालून अर्ज द्या आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत घरी जपा. अपघात झाला तर कोण पाळीवर होते, काय तुटलेले होते, ते त्याच दिवशी वहीत लिहा. पंचनाम्याची नक्कल मागा. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी हे काम अंगावर घ्यावे. कागद साधाच असतो, पण माणूस गेल्यावर त्याच्या बाजूने बोलणारा तोच एक उरतो.