वॅटचा आकडा आणि घरातला शब्द

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी ओळखले जाते. दौंड–सोलापूर लोहमार्गावरील या गावाचा व्यापारी कुंकू पारखताना पाकिटावरील छपाईला भुलत नाही. चिमूटभर माल तळहातावर चोळतो, उजेडात धरतो आणि मग भाव बोलतो. मात्र हाच चोखंदळ व्यापारी घरासाठी स्पीकर घ्यायला निघाला, की खोक्यावर छापलेला ‘हजार वॅट’ हा आकडा त्याला पुरेसा वाटतो. माल बदलला म्हणून पारख सोडावी, असे काही नाही.

असे एक घर कल्पावे. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात आणि सारे कुटुंब पुढच्या खोलीत जमते. खोलीत शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि भिंतीला चिकटवलेला नवा, पातळ टीव्ही. आजोबांचे वय ऐंशीच्या घरातले. हळदीच्या बाजाराची बातमी लागते आणि आजोबा म्हणतात, ‘आवाज वाढवा.’ आवाज वाढतो; आतल्या खोलीत अभ्यास करणारी नात दार लावून घेते; तरीही आजोबा ‘पाच’चे ‘सात’ ऐकतात. एकदा त्या चुकीवर घरात हशा पिकला. त्यानंतर आजोबांनी भावाविषयी बोलणे सोडले आणि हळूहळू संध्याकाळी त्या खोलीत येणेही सोडले. मुलाने ठरवले, की दिवे लुकलुकणारा मोठा स्पीकर आणावा. महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाचा आग्रह, की स्पीकर आपणच बांधू. दोघांनाही खर्च मर्यादेत ठेवायचा होता. परंतु खरेदीपूर्वी विचारायचा प्रश्न दोघांनीही विचारला नव्हता: आजोबांना नेमके काय ऐकू येत नाही?

आवाज आणि शब्द

वयपरत्वे माणसाचे कान प्रथम उंच पट्टीचे स्वर गमावतात. बोलण्यातील ‘आ’, ‘ओ’ असे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांत जोर असतो. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ यांची ओळख पटवणारा सूक्ष्म ध्वनी वरच्या पट्टीत असतो. ‘पाच’ आणि ‘सात’ या शब्दांमध्ये ‘आ’ समान आहे. फरक केवळ व्यंजनांचा. आवाज नुसता वाढवला, की ‘आ’ गर्जतो आणि व्यंजन तसेच झाकलेले राहते. त्यातच पातळ टीव्हीचे छोटे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. त्यांचा आवाज आधी भिंतीवर आदळतो, मग कानापर्यंत पोहोचतो.

म्हणून पहिला खर्च स्पीकरचा नसावा. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्यावेत. कधी साचलेला मळ काढल्यानेही पुष्कळ फरक पडतो. श्रवणयंत्राची गरज निघाली, तर त्या खर्चाला अग्रक्रम द्यावा. स्पीकर हा बहिरेपणावरचा उपचार नव्हे. तो शब्द स्वच्छ पोहोचवू शकतो, एवढेच त्याचे काम.

आकड्यांचा हिशेब

आता खोक्यावरील आकड्यांकडे वळू. ‘पीएमपीओ’ अशा नावाने जो भलामोठा आकडा छापतात, त्याला सर्वमान्य मोजमापाचा आधार नाही. पाहावयाचा तो ‘आरएमएस’ वॅट. त्याहूनही महत्त्वाचा आकडा म्हणजे संवेदनशीलता: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो. साधे संभाषण एक मीटरवर सुमारे 60 डेसिबल भरते. 86 डेसिबल संवेदनशीलतेचा साधा स्पीकर एका वॅटवर त्याहून पुष्कळ मोठा आवाज देतो. म्हणजे घरातील बातम्या आणि प्रवचन ऐकण्यास सरासरी एक वॅटही लागत नाही. संगीतातील क्षणिक उंच स्वरांसाठी हाताशी 15–20 वॅट असले, तरी मध्यम खोलीला ते पुरतात.

वॅट दुप्पट केले, तर आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो आणि कानाला तो किंचितच अधिक भासतो. आवाज दुप्पट मोठा वाटावा, तर सुमारे दहापट वॅट लागतात. उलट, 85 ऐवजी 88 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर निवडला, तर निम्म्या वॅटमध्ये तेवढेच काम होते.

अॅम्प्लिफायरच्या स्वस्त पट्टीवर ‘100 वॅट’ लिहिलेले असते. सोबतच्या अॅडॅप्टरवर मात्र ‘12 व्होल्ट, 2 अँपिअर’. या दोहोंचा गुणाकार 24 वॅट. तिजोरीत चोवीस असताना शंभराची उचल कोणी देऊ शकत नाही. शिवाय 12 व्होल्टवर 8 ओहमच्या स्पीकरला अशा पट्टीकडून स्वच्छ आवाजाचे जास्तीत जास्त 9 वॅटच मिळतात. हिशेब सोपा आहे: व्होल्टचा वर्ग करावा आणि ओहमच्या दुपटीने भागावा, 144 भागिले 16. घरगुती कामाला हे नऊही पुष्कळ आहेत. अॅडॅप्टर मात्र बीआयएस नोंदणीचे चिन्ह असलेलाच घ्यावा. तेथे काटकसर करणे म्हणजे घरात आगीला निमंत्रण देणे.

बांधावा की विकत घ्यावा?

ज्यांनी ठाण्याच्या कारखान्यात तयार झालेला मर्फी रेडिओ ऐकला आहे, त्यांना त्याचा भरदार आवाज आठवत असेल. त्या आवाजात लाकडी पेटीचा मोठा वाटा होता. चुंबकापाशी बसवलेले तारेचे वेटोळे कागदी शंकू पुढेमागे हलवते, ही रचना राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी 1925 साली मांडली आणि आजचा बहुतेक प्रत्येक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो. शंकू पुढे जाताना समोरची हवा दाबतो, त्याच क्षणी मागची हवा सैल पडते. मागची लाट वळसा घालून पुढे आली, की खालचे स्वर एकमेकांना पुसून टाकतात. तिला अडवण्यासाठी पेटी हवी. पेटी किती मोठी असावी, याचा गणिती मार्ग थील आणि स्मॉल यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घालून दिला.

म्हणून नातवाचा हट्ट अगदीच अवाजवी नव्हता. नवख्याने बांधायचेच झाले, तर सर्व स्वर एकट्याने वाजवणारा चार ते पाच इंची ‘फुल-रेंज’ स्पीकर निवडावा. त्यामुळे स्वर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हर मंडळाची कटकट टळते. 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची, आतून 18 बाय 20 बाय 28 सेंटिमीटर मापाची पेटी सुमारे दहा लिटरची होते. मात्र उत्पादकाने सांगितलेले आकारमान हेच प्रमाण मानावे. सांध्यांतून हवा गळता कामा नये. पुण्याची बुधवार पेठ आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथे सुटे भाग मिळतात. परंतु प्लायवुड, सुताराची मजुरी, पॉलिश, वाया गेलेला एखादा तुकडा आणि पुण्याची खेप हे सारे मांडले, की पहिल्या जोडीत बचत फारशी उरत नाही. तेथे पैसे द्यायचे ते शिकण्याचे. ज्याला ते शिकायचे आहे, त्याने अवश्य द्यावेत.

ज्या घरात ऐकणारा माणूस आजच खोलीबाहेर बसला आहे, त्या घराने मात्र साधी तयार जोडी घेणे बरे. जुनी चालेल, पण घेताना शंकूभोवतीची फोमची कड बोटाने हलकेच चाचपावी, वयोमानाने ती भुगा होते. शंकू चारही बाजूंनी समान दाबून पाहावा; आत खरखर आली, तर सौदा सोडावा. नवे घेताना पक्के बिल घ्यावे, आणि ऐकून पाहण्यासाठी गाण्याऐवजी ओळखीच्या आवाजातील भाषण न्यावे. टीव्हीशी जोडणी शक्यतो तारेने करावी. ब्लूटूथमध्ये शब्द कधी कधी ओठांच्या मागे पडतो, आणि ज्यांना कमी ऐकू येते ते ओठांवरूनही पुष्कळ समजून घेत असतात.

खोलीचा वाटा

दोन्ही स्पीकर कानाच्या उंचीवर, ऐकणाऱ्याकडे तोंड करून ठेवावेत. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. कोपऱ्यात ठेवल्यास खालचे स्वर घुमतात आणि शब्द झाकले जातात. एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर आवाज पोकळ होतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लाल टोकाला धन आणि काळ्याला ऋण असा लावून पाहावा, दोन्ही शंकू बाहेर यायला हवेत. खोलीत टाळी वाजवून ऐकावे. टाळीमागे झंकार उरला, तर फरशीवर सतरंजी अंथरावी, जाड पडदे लावावेत. याचा खर्च स्पीकरपेक्षा कमी आणि लाभ कित्येकदा अधिक असतो. शेजाऱ्यांचाही विचार हवा: 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे.

त्या कल्पिलेल्या घराने दिव्यांचा स्पीकर आणला नाही. आजोबांचे कान तपासून घेतले, सतरंजी अंथरली, मध्यम आकाराची एक साधी जोडी आणि छोटा अॅम्प्लिफायर घेतला. खालचे स्वर थोडे उतरवले, वरचे थोडे चढवले. आवाजाचा आकडा पूर्वीपेक्षा खाली आला आणि नातीचे दार उघडे राहिले. नातवाने पेटी बांधण्याचा बेत सुट्टीवर ठेवला. प्लायवुडचे माप मात्र वहीत लिहून ठेवले.

काही दिवसांनी सांगलीच्या हळदीची बातमी लागली. नातू मोबाईलमध्ये डोके घालून बसला होता. वडिलांनी विचारताच तो म्हणाला, ‘शेकडा सात टक्क्यांनी वाढली म्हणे.’

सतरंजीच्या टोकाशी बसलेल्या आजोबांनी मान हलवली.

‘सात नव्हे,’ ते म्हणाले. ‘पाच.’